कोणाकडून ऐकली?

गावात पिठाची गिरणी एकच, आणि त्या गिरणीत कामाची वाटणी अशी होती की आक्का दळायची आणि दाखलेकाका बोलायचे. ही वाटणी कुणी ठरवली नव्हती. त्रेचाळीस वर्षांत ती आपोआप पडत गेली होती. आक्का थोरली बहीण, वय सहासष्ट. काका तिच्याहून चार वर्षांनी धाकटे. आक्का नरसाळ्यात धान्य ओतायची, दगडाचा आवाज ऐकून चावी सैल-घट्ट करायची, गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडी बाहीतून डब्यात पीठ पाडायची. काका डबे ओळीत लावायचे, कुणाचा डबा कुणाच्या पुढे यावरून भांडण झालं की ते मिटवायचे, आणि मिटवता मिटवता एखादं नवं लावूनही द्यायचे.

चालू गिरणीत ऐसपैस बोलायची सोय नसते. पट्ट्याची फडफड, दगडांची घरघर, वर पत्र्याचा थरथराट. जे काय सांगायचं ते चार-पाच शब्दांत, ओरडून. आणि चार-पाच शब्दांत शहाणपण बसवायचं तर म्हणीसारखं दुसरं भांडं नाही. कुणी ओलं धान्य आणून पीठ जाडं आलं म्हणून कुरकुरला की काका ओरडायचे, "ओल्या धान्याला दोष दगडाचा!" रांग मोडून पुढे घुसणाऱ्याला, "घाईच्या डब्याला झाकण नाही!" सुनेची तक्रार घेऊन आलेल्या सासूला, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?" तेही अशा तोंडानं की आड कोण आणि पोहरा कोण, याचा सासूला घरी पोचेपर्यंत पत्ता लागू नये. सरकारी कचेरीतला दाखला मिळायला आठ दिवस लागतात, गिरणीतला उभ्या उभ्या मिळतो, असं लोक म्हणायचे. त्यावरूनच दाखलेकाका हे नाव पडलं. खरं नाव आता आक्कालाही आठवून सांगावं लागलं असतं.

एक पथ्य मात्र काकाच काय, सगळं गाव पाळायचं. म्हण स्वतःच्या नावावर सांगायची नाही. आधी 'जुनी माणसं म्हणतात' असं म्हणायचं, मग काय ते बोलायचं. तेच आपलं मत म्हणून बोललात तर लोक म्हणणार, उचलली जीभ लावली टाळ्याला. जुन्या माणसांच्या तोंडी घातलंत की सगळ्यांच्या माना डोलणार. जुनी माणसं बिचारी उलटून विचारायला येत नाहीत, ही त्यांची मोठी सोय असते.

आणि अशा गावात एक दिवस वहीवाल्या बाई आल्या.

शहरातल्या कॉलेजातल्या बाई, वय असेल सव्वीस-सत्तावीस. खांद्याला झोळी, झोळीत जाडजूड वही. खेडोपाडीचं बोलणं, म्हणी, निरनिराळ्या गावांतले निरनिराळे शब्द असं सगळं त्या गोळा करत हिंडत होत्या. पुढे त्याचं पुस्तक निघणार होतं. गावानं एका सुरात सांगितलं, "गिरणीत जा. बाकी कुणाला विचारू नका, नाहीतर काकांना राग येईल."

बाईंच्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिला म्हणीचा, दुसरा अर्थाचा. तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलेलं: 'कोणाकडून ऐकली?'

पहिले दोन रकाने काकांनी असे भरले की बाईंचा हात दुखायला लागला. तिसऱ्यात ते सरसकट सांगत, "जुनी माणसं."

"जुनी म्हणजे कोण, काका? एखादं नाव, एखादं घर?"

"आता जुन्या माणसांना काय घर असतं का, बाई? ती गेली."

"बरं, हीच घेऊ. घाईच्या डब्याला झाकण नाही. ही कोणाची?"

काका आठवायला लागले. आठवत गेले, गेले, आणि थेट दुकानदाराच्या बायकोपाशी पोचले. ती पाच-सात वर्षांपूर्वी झाकण विसरून आली होती आणि रांग मोडून पुढे उभी राहिली होती. त्याच्या आधी ही म्हण कुठे होती, ते काही त्यांना दिसेना.

"ही... ही अशीच आहे," ते म्हणाले.

"म्हणजे तुमची?"

"माझी कशी असेल?" काका चांगलेच दुखावले. "म्हण कधी कुणाची असते का? म्हण असते!"

बाईंनी न हसता पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं. पहिल्या दिवसाअखेर अशी अकरा प्रश्नचिन्हं झाली. काकांना कुणी आपल्या घरात शिरून हे भांडं कुणाचं, ते कुणाचं, असं विचारत सुटल्यासारखं झालं. इतकी वर्षं आपलं म्हणून वापरलं, तर आता शेजारच्याचं निघतंय. शेजारच्याचं म्हणून मिरवलं, ते आपल्याच चुलीवर काळं झालेलं. डोक्याचा पार भुगा झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली आणि गिरणी थांबली. आक्का उंबऱ्यात बसून बाहीचं फाटलेलं कापड शिवायला लागली. बाईंनी तीच शांत वेळ साधली.

"काका, आता एक माझ्याकडची वाचते. 'वाटसरूला पाणी द्यावं, पोर देऊ नये.' ही मला तीन गावांत मिळाली. इथे पोर म्हणतात. नदीपलीकडे लेक म्हणतात. आणि टेकडीच्या गावात तर पाणीच नाही, तिथे 'वाटसरूला ओसरी द्यावी, लेक देऊ नये'. एका म्हणीची अशी तीन रूपं झाली म्हणजे ती जुनीच असणार, शंभर-दीडशे वर्षं तरी." बाईंचे डोळे चमकत होते. "पण गंमत अशी, की तिन्ही गावांतली माणसं शेवटी तुमचं नाव सांगतात. तर तुम्ही कोणाकडून ऐकली?"

काकांनी तोंड उघडलं. त्याच्या आत उंबऱ्यातून उत्तर आलं.

"बाबांकडून," आक्का म्हणाली. मान खालीच होती. "आमच्या बाबांची आहे ती."

आक्का आपणहून काही बोलली हेच मुळात नवल होतं. बाई तिच्याकडे वळल्या. "तुम्हीही ऐकलीत त्यांच्या तोंडून?"

"मी नाही. यानं ऐकलीय." तिनं सुईनं काकांकडे दाखवलं आणि पुढचा टाका घातला.

बाईंनी तिसऱ्या रकान्यात पेन्सिलीनं 'वडील' लिहिलं. "परवा येते मी परत, काका. कधी, कुठे, कशावरून म्हणाले होते, तेवढं आठवून ठेवा. मग शाईनं लिहू. पुस्तकात हिला वेगळं पान द्यायचंय."

बाई गेल्या आणि काका बाबांना आठवायला बसले.

बाबा जात्यांना टाकी लावायचे. छिन्नी-हातोडी पिशवीत टाकून दारोदार हिंडायचे आणि गुळगुळीत झालेल्या जात्यांना पुन्हा दात आणून द्यायचे. पिशवी उचलायला सोबत मुलगा, म्हणजे काका. बाबांना बोलायचा कंटाळा. जातं उलटं करून बसले की घरातला कर्ता पुरुष डोक्यावर उभा राहून सांगायला लागायचा, जरा खोल टाका, आम्हाला भरड लागते, नाहीतर असं करा, बारीकच येऊ द्या. बाबा हातोडी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "दळणारीला विचारा." मग आतून कुणी बाई हात पुसत येऊन सांगेपर्यंत दगडाला हात लावायचे नाहीत. दिवसभरात त्यांचं बोलणं काय ते एवढंच.

पुढे त्यांनी जाती सोडून गिरणी घालायचं ठरवलं. इंजिनाची मागणी नोंदवली, दगड स्वतः घडवले, आणि इंजिन यायच्या सहा महिने आधी तापानं गेले. इंजिन आलं ते बैलगाडीतून, आणि त्याच्या मागून एक मिस्त्री आला. शेजारच्या पडवीत बावीस दिवस राहिला. उंच, सावळा, कामात तोंडानं शीळ घालणारा. इंजिन कसं सुरू करायचं, दगड बसला की आवाज कसा बदलतो, फिरत्या चाकावर पट्टा कसा चढवायचा, हे त्यानं दोघा भावंडांना शिकवलं. पट्टा चढवणं काकांना काही जमेना. तेव्हा काका कसले, एकोणीस वर्षांचं पोरगं ते. एकदा पट्ट्यानं सदऱ्याची बाही ओढून नेली, तेव्हापासून त्याची जी भीती बसली ती बसलीच. तेवीस वर्षांच्या आक्कानं तिसऱ्या दिवशी पट्टा चढवला. मिस्त्रीनं त्यासाठी तिला लाकडाची एक हातभर पट्टी तासून दिली.

विसाव्या दिवशी मिस्त्रीनं चुलत्यांकडे आक्काला मागणी घातली. चुलते सरळ माणूस. त्यांनी आईला ओट्यावर बोलावलं, पोराला बोलावलं. शेजारपाजारचे दोघे-तिघे न बोलावता आले. आक्का आत होती, दाराआड.

"मुलगा वाईट नाही," चुलते म्हणाले. "हातात कसब आहे. पण आज इथे, उद्या तिथे. मला काही सुचत नाही बुवा. दादा असता तर काय म्हणाला असता?" आणि त्यांनी पुतण्याकडे पाहिलं. बाबांसोबत गावोगाव हिंडला होता तो. त्याला ठाऊक असणार.

पोरानं इंजिनाकडे पाहिलं. पट्ट्याकडे पाहिलं. आणि म्हणालं, "बाबा म्हणायचे, वाटसरूला पाणी द्यावं, पोर देऊ नये."

चुलत्यांनी मांडीवर थाप मारली. "बघा! दादाचंच बोलणं. गेला तरी सांगून गेला!"

झालं. दोन दिवसांनी मिस्त्री हत्यारं बांधून गेला.  तिसऱ्या दिवशी सकाळी आक्कानं लाकडाची पट्टी घेतली, पट्टा चढवला आणि गिरणी सुरू केली. नंतर एक-दोन स्थळं आली, ती तिनंच परतवली, पुढे यायची थांबली. काकांचं लग्न झालं, मुलं झाली. ती आक्काच्याच हातावर वाढली, शिकली, शहरात गेली. काकांची बायको आठ वर्षांपूर्वी गेली. इंजिन जाऊन विजेची मोटार आली, पण पट्टा तोच राहिला आणि तो चढवणारीही. म्हण मात्र गिरणीच्या रांगेतून डब्याडब्यानं घरोघर गेली, तिथून लेकीसुनांबरोबर नदी ओलांडून पलीकडे.

आता गोंधळ असा, की त्या दिवशी आपण खोटं बोललो असं काकांना इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं. खरं बोललो असंही वाटलं नव्हतं. त्यांनी तो विचारच केला नव्हता. म्हण तोंडातून निघाली, लोकांनी उचलली, आणि लोकांच्या तोंडून इतक्यांदा परत आली की ती बाबांचीच असणार, नाहीतर एवढी माणसं कशाला म्हणाली असती?

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी हळूच खडा टाकून पाहिला.

"आक्का, बाबा काही फारसे बोलायचे नाहीत, नाही ग?"

"बाबा? कुठले बोलायला."

"मग तुझ्याशी... म्हणजे तुझ्याबद्दल वगैरे कधी?"

आक्कानं पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला. "माझ्याबद्दल ते एकच बोलले. तू सांगितलंस ते. मला तोंडावर कधी म्हणाले नाहीत, पण माझ्यासाठी काही मनात धरून होते, एवढं तरी कळलं." थोडं थांबून ती म्हणाली, "बाबांचं माझ्या वाट्याला आलेलं तेवढंच. बरं झालं पुस्तकात येतंय."

काकांनी तांब्या उचलला आणि तसाच खाली ठेवला. त्यांना पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की प्रश्न बाईंच्या रकान्याचा नाही. ती म्हण बाबांची नसेल तर आक्काजवळ बाबांचं काहीच नाही. आणि तिचं सगळं आयुष्य मग कुणाच्या शब्दावर इथे थांबलं?

सकाळी ते पायात चपला सरकवून बाहेर पडले. म्हण बाबांकडून ऐकलेलं दुसरं कुणीतरी सापडलं पाहिजे, बस. एक माणूस पुरे. बुडत्याला काडीचा आधार.

न्हावी दुकानात एका गालाला साबण लावून बसलेल्या गिऱ्हाइकाशी गप्पा मारत होता. "ती म्हण? वा! आमच्या घरात पिढ्यानपिढ्या आहे."

"पिढ्या म्हणजे नेमक्या कुणी सांगितली?"

"टपालवाल्यांनी. दाढी करताना."

निवृत्त टपालवाले अंगणात सायकल पुसत होते. आता ती कुठे जात नसे, पण पुसणं चालू होतं. त्यांनी विचार करायला चष्मा काढला. "मी ती नदीपलीकडून आणली. तिथल्या एका म्हाताऱ्यानं पत्र वाचून घेताना सांगितली. मला इतकी आवडली की इकडे येऊन मी ती तुमच्याच गिरणीत सांगितली. आठवतं ना? तुम्ही म्हणालात, ही आमच्या घरातली आहे."

"मग तो म्हातारा कुठून शिकला?"

"त्याची सून आपल्या गावची," टपालवाले म्हणाले. "गिरणीच्या मागचंच घर."

काका डोकं धरून उठले. म्हण गावातून नदीपलीकडे गेली, नदीपलीकडून गावात आली, आणि जिकडून पाहावं तिकडून वाट गिरणीच्या ओट्यावर येऊन संपत होती. एकदा तर त्यांना अशीही शंका आली की बाबांनीच ती टपालवाल्यांकडून ऐकली असेल. पण टपालवाले या गावात बदलून आले तेव्हा बाबांना जाऊन दहा वर्षं झाली होती.

शेवटची आशा म्हणजे सुईण आजी. नव्वदीच्या, कानानं थोड्या जड, पण डोकं लख्ख. त्या दिवशी ओट्यावर न बोलावता आलेल्यांत त्याही होत्या. काकांनी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं.

"ऐकलीय की!" आजी म्हणाल्या. "तुझ्या बापाचीच ती."

काकांना आजींच्या पाया पडावंसं वाटलं. "बाबा स्वतः म्हणाले होते? तुमच्यासमोर?"

"समोर कसे म्हणतील? तेव्हा ते गेलेले नव्हते का?" आजींनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तूच तर सांगितलंस, बाबा म्हणायचे म्हणून. एवढंसं तोंड करून उभा होतास. तुला काय झालंय आज? जेवलास का?"

काका परत आले आणि वीज नव्हती म्हणून बंद गिरणीत एकटेच बसले. गहू, मका, जुनं तेल, असा तिथला नेहमीचा वास. आणि बसल्या बसल्या त्यांना एकदम आठवलं. अगदी डोळ्यांसमोर उभं राहिलं. बाबा समोरच्या पाटावर बसलेत, डोक्यावर पट्टा सळसळतोय, भुवयांवर पीठ साचलंय. सदऱ्याच्या टोकानं कपाळ पुसत ते वर न बघता म्हणतात, "वाटसरूला पाणी द्यावं, पोर देऊ नये." आवाज बाबांचाच. तोच जरासा घोगरा. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे होती! होतीच बाबांची! उगाच दोन दिवस जिवाला घोर लावून घेतला.

ठरल्या दिवशी बाई आल्या तेव्हा काका ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. वीज पुन्हा गेलेली, तीन-चार डबे ओळीत, डब्यांचे मालक सावलीला पांगलेले. आक्का दगडावरचं पीठ कुंचल्यानं झाडत होती. काकांनी तिलाही हाक मारली. "इकडे ये, आक्का. तूही ऐक. सगळं आठवलंय मला."

आक्का कुंचला हातात घेऊनच येऊन बसली. बाईंनी शाईचं पेन काढलं. काकांनी घसा खाकरला आणि सांगायला लागले. सांगण्यात ते कुणाला हार जाणारे नव्हतेच. त्यातून आज तर मन भरून आलेलं. पाट कसा होता, बाबा कसे बसले होते, वर पट्टा कसा सळसळत होता, भुवयांवरचं पीठ, सदऱ्याचं टोक. बाई भराभर लिहीत होत्या. आक्का त्यांच्या तोंडाकडे पाहत होती आणि तिचा चेहरा सैल होत होत एखाद्या मुलीसारखा झाला होता. मग तो हळूहळू पुन्हा आवळत गेला.

"बाबांच्या वेळी पट्टा कुठे होता?" तिनं विचारलं.

तिनं ते भांडायला म्हणून विचारलं नव्हतं. साधं विचारलं, जसं एखाद्याला डबा कुणाचा म्हणून विचारावं.

काका बोलता बोलता थांबले. वर पाहिलं. पट्टा होता. पाट होता. पण पाटावर बाबा बसले की पट्टा राहत नव्हता, आणि पट्टा ठेवला की बाबा उठून जात होते. त्यांनी दोन्ही एकत्र धरून पाहायचा खूप प्रयत्न केला.

"काकांना जातं म्हणायचं असेल," बाई मदतीला आल्या. त्यांना काकांची दया आली होती. "इतकी जुनी गोष्ट, होते सरमिसळ. पट्टा काढून टाकते मी. जात्यापाशी बसले होते, असं लिहू ना?"

एवढी सोपी वाट. नुसती मान हलवायची होती. पुस्तकात पान पडलं असतं, आक्काजवळ बाबा राहिले असते, गावाचंही काही बिघडलं नसतं. आक्का मात्र त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, आणि ती काय मागतेय, ते त्यांना काही केल्या कळेना. हो म्हण असं मागतेय की नाही म्हण असं? साऱ्या जन्मात त्यांना एवढा घोळ कधी पडला नव्हता. काकांना रडू आलं आणि त्याची लाजही वाटली.

"नको," ते म्हणाले. "जातं नका लिहू. बाबांची नाहीच ती. माझी आहे."

"तुझी," आक्का म्हणाली.

"तिथल्या तिथे केली. चुलते विचारायला लागले, सगळे बघत होते, आणि..." पुढे कुठलीही म्हण त्यांच्या कामाला येईना. "मला पट्टा चढवता येत नव्हता, आक्का. तू गेली असतीस तर गिरणी कुणी चालवली असती? मला भीती वाटली."

सावलीला बसलेल्या माणसांपैकी कुणीतरी खोकलं. बाईंनी पेनला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. आक्का कुंचल्याच्या केसांतलं पीठ बोटांनी काढत राहिली. 

"मग बाबा काय म्हणाले असते?" तिनं विचारलं.

त्रेचाळीस वर्षांपूर्वी चुलत्यांनी विचारलेला प्रश्न तोच. काकांना आता बाबा दिसले, पण पट्ट्याखाली नव्हे. कुणा परक्याच्या पडवीत, उलट्या जात्यापाशी उकिडवे बसलेले, हातोडी बाजूला ठेवलेली. बाबांचं ते एकच वाक्य म्हण नव्हतं, म्हणून काकांनी ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बाईंनाही नाही.

"दळणारीला विचारा म्हणाले असते," काका म्हणाले.

"मग विचार."

त्यांना वाटलं ती चिडून बोलतेय. ती चिडली नव्हती. वाट पाहत होती. काकांनी ओठ ओले केले. इतकं साधं वाक्य, आणि जुन्या माणसांचा आडोसा नसल्यामुळे ते तोंडातून काही निघता निघेना.

"आक्का," ते म्हणाले, "तुला जायचं होतं का ग?"

"हो," आक्का म्हणाली. "पिशवी भरून ठेवली होती. दाराआड बाबांचं नाव ऐकलं, म्हणून रिकामी केली."